कपड्यांवरचे गोळे कापणारे यंत्र : आठ महिन्यांच्या वापरानंतर

गेल्या नोव्हेंबरात बेळगावात थंडीची चाहूल लागली, तेव्हा कपाटातून काढलेला मुलीच्या शाळेचा मरून स्वेटर पाहून सासूबाई म्हणाल्या, "एवढ्यात जुना झाला की गं हा!" स्वेटर एकाच हिवाळ्यात वापरलेला होता, त्याची वीण शाबूत होती आणि रंगही उतरलेला नव्हता, परंतु काखेपासून कमरेपर्यंत, आणि दप्तराचा पट्टा जिथे घासतो त्या खांद्यावर, मोहरीएवढ्या गोळ्यांचा थर चढला होता. त्याच आठवड्यात खडे बाजारातून गोळे कापणारे छोटे विजेचे यंत्र साडेचारशे रुपयांना आणले. आता अर्धा पावसाळा सरला आहे.

यंत्राची रचना साधी आहे. पुढे भोके असलेली धातूची गोल जाळी, तिच्याखाली वेगाने फिरणारी तीन पाती आणि मागे कापलेली लव साठवणारी पारदर्शक डबी. गोळा जाळीच्या भोकातून आत शिरतो आणि पाते त्याला कापते; कापड मात्र जाळीमुळे बाहेरच राहते, असे अपेक्षित असते. जाळीवर बसवायचे प्लास्टिकचे एक कडेही सोबत मिळते. ते लावले की पाती कापडापासून किंचित लांब राहतात. हे कडे मी पहिल्याच दिवशी निरुपयोगी समजून खोक्यात टाकून दिले आणि त्याची किंमत पुढे मोजली.

स्वेटर टेबलावर सपाट पसरून, हाताने अलगद ताणून, जराही न दाबता यंत्र गोल गोल फिरवले. वीस मिनिटांत डबी तीनदा भरली आणि स्वेटर इतका स्वच्छ दिसू लागला की मुलीने तो आपलाच आहे की नवा आणला, असे विचारले. त्या उत्साहात मी सासूबाईंची सैल विणीची लोकरी शाल हाती घेतली. झालरीजवळ एक सुटा धागा वर आलेला होता. तो जाळीत ओढला गेला आणि डोळ्यांदेखत तिथे वाटाण्याएवढे भोक पडले. "कापड खातंय ते यंत्र," एवढेच त्या म्हणाल्या.

त्यांचे म्हणणे रागाचे असले तरी खोटे नव्हते. गोळा ही कपड्यावर बाहेरून बसलेली घाण नसते, तो त्याच कपड्याच्या तंतूंचा बनलेला असतो. म्हणजे डबीत साठलेली प्रत्येक चिमूट लव स्वेटरातूनच वजा झालेली असते. सुरुवातीला मी दर पंधरवड्याला यंत्र फिरवत असे. जानेवारीच्या अखेरीस स्वेटरचे कोपर उजेडासमोर धरले, तेव्हा ते इतर भागापेक्षा विरळ दिसले आणि मी थांबले.

गोळे मुळात येतात का, हे मला नीट समजावले ते वडगावात यंत्रमागावर उमेदीची वर्षे घालवलेल्या आमच्या शेजारच्या काकांनी. सुतातले आखूड तंतू आणि सैल पीळ हे त्यांच्या मते मूळ दुखणे. घर्षणाने अशा तंतूंची टोके बाहेर येतात, त्यांची लव होते, लव एकमेकींत गुंतून गोळा होतो. विणलेल्या मागाच्या कापडात उभे-आडवे धागे एकमेकांना आवळून धरतात, तर स्वेटर किंवा टी-शर्टाच्या फासांच्या विणीत तंतूंना सरकायला वाव राहतो, म्हणून तिथे गोळे अधिक. मला सर्वांत उपयोगी वाटलेला मुद्दा पुढचा होता. गोळे शुद्ध सुती किंवा लोकरी कपड्यावरही येतात, पण ते तंतू तुलनेने कमकुवत असल्यामुळे बरेचसे गोळे कालांतराने आपोआप तुटून पडतात. ॲक्रिलिक आणि पॉलिएस्टरचे तंतू चिवट असतात. ते गोळ्याला कपड्याशी बांधून ठेवतात. शाळेचे स्वेटर बहुधा ॲक्रिलिकचेच असतात, हे लेबल वाचल्यावर उलगडा झाला. कापडाची चाचणी करणाऱ्या प्रयोगशाळांत ठरावीक फेऱ्या घासून 5 ते 1 अशी श्रेणी देतात. 5 म्हणजे गोळे नाहीत आणि 1 म्हणजे पृष्ठभाग गोळ्यांनी भरलेला. आमचा स्वेटर नोव्हेंबरात दोनच्या वर नक्कीच नव्हता.

यानंतर मी कपडे धुण्याची पद्धत बदलली, आणि प्रामाणिकपणे सांगायचे तर यंत्रापेक्षा अधिक फरक त्याने पडला. पूर्वी आमच्याकडे टॉवेल, जीन्स, स्वेटर आणि टी-शर्ट एकाच वेळी मशीनमध्ये पडत. आता खरखरीत आणि जाड कपडे वेगळे जातात, स्वेटर व टी-शर्ट उलटे करून, चेन लावून, जाळीच्या पिशवीत आणि सौम्य फेरीत. खरी अडचण जूनपासून सुरू झाली, कारण बेळगावच्या पावसात कपडे दोन-दोन दिवस दोरीवर दमट राहतात आणि ते लवकर वाळावेत म्हणून ड्रायर जास्तीत जास्त वेळ फिरवण्याचा मोह आवरत नाही. खानापुरात माहेर असल्यामुळे दमट कपड्यांचा वास मला लहानपणापासून परिचित आहे, त्यामुळे हा मोह माझ्यात जरा जास्तच. तरीही टी-शर्टांपुरता मी तो कमी केला आणि ते पंख्याखाली वाळवले. यजमानांना हे अजिबात पटलेले नाही.

कपड्यांगणिक अनुभव वेगळा आला. शाळेचा स्वेटर आणि पॉलिएस्टर मिसळलेले टी-शर्ट यांच्यावर यंत्र उत्तम चालते. मिश्र सुताच्या पलंगपोसावरही चालते, पण एका पलंगपोसाला तासभर लागला आणि मध्येच चार्जिंग संपले. ताणणाऱ्या लेगिंग्जवर गोळे निघतात, परंतु आठवड्यात परत येतात. मोज्यांसाठी वेळ घालवू नये. भरतकाम, मणी, सैल वीण आणि शिवणीची उंच कड यांच्याजवळ यंत्र नेऊच नये. दोन-चार गोळे असतील तर ते लहान कात्रीने कापणे सुरक्षित. पूर्वी मी पायाची वजरी आणि दाढीचे जुने ब्लेड दोन्ही वापरून पाहिले होते. वजरी नवी लव काढते आणि ब्लेडला हात जरा तिरका झाला की चीर पडते. त्यांच्यापेक्षा कडे लावलेले हे यंत्र निश्चित बरे.

खरेदीची सवयही बदलली आहे. गणपत गल्लीत टी-शर्ट घेताना मी आता लेबल वाचते आणि कापड आतल्या बाजूने अंगठ्याखाली थोडा वेळ चोळून पाहते. लगेच लव उठली तर तो परत ठेवते. सुती कपड्यावर 'बायो-वॉश' लिहिलेले असेल तर त्याला पसंती देते, कारण त्या प्रक्रियेत विकराच्या (एन्झाइमच्या) साहाय्याने कापसाची वरची लव आधीच काढलेली असते. पॉलिएस्टरवर तो विकर काम करत नाही, म्हणून मिश्र कापडावर ही पाटी पाहून फार हुरळून जाऊ नये.

यंत्राच्या तक्रारी दोन. डबीचे झाकण सैल आहे, ते दोनदा उघडून लव जमिनीवर सांडली. आणि सहाव्या महिन्यापासून पाती बोथट झाली असून गोळा कापण्याऐवजी ओढू लागली आहेत. बारीक ब्रशने जाळीखालची लव साफ केल्यावर थोडा फरक पडला, परंतु सुटी पाती ज्या दुकानातून यंत्र घेतले तिथे नाहीत, बाजारातल्या आणखी दोन दुकानांतही नाहीत. नवे घेताना सुटी पाती मिळतात का, हे मी आधी विचारणार आहे. तोपर्यंत स्वेटर दिवाळीनंतरच कपाटातून निघेल, आणि शालीचे भोक सासूबाईंनी स्वतः रफू करून घेतले आहे.