आखाजीचा पत्त्यांचा डाव आभासी वाड्यात: सेकंड लाइफ की रोब्लॉक्स?

माझ्या भाच्याने आखाजीचा, म्हणजे खान्देशातल्या अक्षय्य तृतीयेचा, वाडा आभासी जगात उभारायचे ठरवले आहे. निंबाला टांगलेला झोका, कोनाड्यातली गौराई आणि ओट्यावर घोंगडी अंथरून मांडलेला पत्त्यांचा डाव, असा त्याचा बेत आहे. झोक्याला कोणाची हरकत असण्याचे कारण नाही. अडचण पत्त्यांची आहे, कारण पाहुण्यांनी थोडी नाणी लावावीत आणि जिंकणाऱ्याने ती उचलावीत, अशी त्याची कल्पना आहे. आखाजीच्या दिवशी खान्देशात एरवी पत्त्याला हात न लावणारी माणसेही डावाला बसतात, त्यामुळे त्याला यात वावगे काही वाटत नाही. मात्र वाडा सेकंड लाइफ या इंटरनेटवरच्या आभासी जगात बांधावा की रोब्लॉक्स या ऑनलाइन खेळांच्या मंचावर, हे चित्रांच्या सफाईपेक्षा तिथे जुगार कशाला म्हणतात हे पाहून ठरवावे, असे माझे मत आहे.

सेकंड लाइफने जुलै २००७ मध्ये पैजेवर बंदी घातली. तिथे पैज लावलेली असणे, निकाल दैवावर किंवा खऱ्या जगातील क्रीडास्पर्धेवर ठरणे आणि जिंकणाऱ्याला लिंडेन डॉलर (तिथले आभासी चलन), खरे चलन किंवा मोलाची वस्तू मिळणे, या गोष्टी एकत्र आल्या की नियमभंग होतो. लिंडेन डॉलर विकून अमेरिकी डॉलर मिळवता येतात, म्हणून तेथील नाण्याला खेळण्यातले नाणे म्हणता येत नाही. पोकरचे नाव बंदीच्या यादीत स्पष्टपणे आहे. तेव्हा तीन पत्तीला सूट मिळेल, या आशेत राहू नये. निव्वळ कौशल्याच्या खेळावर पैसे घेऊन लिंडेन डॉलरमध्ये बक्षीस द्यायचे असेल, तर सप्टेंबर २०१४ पासून त्यासाठी वेगळा मार्ग आहे, पण त्यात कंपनीची मंजुरी, वकिलाचे लेखी मत, राखीव प्रदेश आणि खेळणाऱ्याचे वय किमान १९, अशा अटी आहेत. सारंगखेड्याच्या यात्रेत मुले हसतखेळत जी रिंग फेकतात, तीच तिथे पैसे घेऊन आणि लिंडेन डॉलरचे बक्षीस लावून मांडली, तर या सगळ्या सोपस्कारांतून जावे लागेल. हौसेने वाडा बांधणाऱ्याला हे परवडणारे नाही.

गाचा यंत्रांचा, म्हणजे पैसे टाकल्यावर नशिबाने कुठलीतरी वस्तू देणाऱ्या यंत्रांचा, प्रकार मला अधिक बोलका वाटतो. गावातल्या दुकानात पूर्वी चिठ्ठ्यांचा पुठ्ठा टांगलेला असे. नाणे द्यायचे, चिठ्ठी फाडायची आणि आत फुगा निघतो की शिट्टी, ते पाहायचे. त्याला जुगार म्हटलेले मी कधी ऐकले नाही. गाचाही तसाच असतो, आणि सेकंड लाइफने सप्टेंबर २०२१ पासून तो बंद केला, कारण पैसे देऊन काय मिळणार हे दैवावर सोडलेले असते. पुढची वस्तू कोणती हे आधी दाखवून मग पैसे घेणारी यंत्रे मात्र चालतात. रोब्लॉक्सची भूमिका येथे उलट आहे: पैसे घेऊन दैवाधीन वस्तू विकता येते, मात्र प्रत्येक वस्तू निघण्याची शक्यता खरेदीपूर्वी सांगावी लागते आणि जिथे अशी विक्री मना आहे, तिथल्या खेळाडूंपुढे ती ठेवता येत नाही.

पत्त्यांच्या बाबतीत हाच रोब्लॉक्स अधिक कडक आहे. तिथला मोठा वर्ग मुलांचा असल्याने जुगाराची खेळता येणारी नक्कलसुद्धा चालत नाही. आभासी चिप किंवा खेळातल्या वस्तू पणाला लावणेही त्यातच येते.

भाचा जळगाव जिल्ह्यात बसून हे चालवणार असल्याने येथील कायदाही पाहिला पाहिजे. मुंबई जुगार प्रतिबंधक कायदा, १८८७ हा निव्वळ कौशल्याच्या खेळाला सूट देतो, आणि सर्वोच्च न्यायालयाने १९६७ मध्ये रमीला मुख्यतः कौशल्याचा खेळ मानून तीन पानी डावापासून वेगळे ठरवले. हा आधार घेऊन ‘आपण रमी ठेवू’ असे म्हणणारे पुष्कळ भेटतात. परंतु २२ ऑगस्ट २०२५ रोजी राष्ट्रपतींची संमती मिळालेल्या ऑनलाइन गेमिंग कायद्याने पैशांच्या ऑनलाइन खेळांपुरता कौशल्य आणि दैव हा भेदच पुसला आहे. पैसे देऊन घेतलेली आभासी नाणी त्यात पणाला लावलेले पैसेच मानली जातात, आणि असा खेळ उपलब्ध करून देणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कारावास आणि एक कोटी रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. म्हणजे लिंडेन डॉलरचा डाव दोन्ही जगांच्या नियमांआधी येथेच अडतो.

उरतात ते चिंचोके. आमच्या ओट्यावर लहान मुलांना डावात घेताना नाण्यांऐवजी मूठभर चिंचोके वाटले जात आणि डाव संपला की ते डब्यात परत जात. सेकंड लाइफमध्ये फुकट वाटलेल्या, विकता न येणाऱ्या चिंचोक्यांवर तीन पत्ती मांडता येईल, कारण तिथे हाती काहीच लागत नाही. रोब्लॉक्समध्ये तेच चिंचोके पणाला लावलेली वस्तू ठरण्याचा धोका आहे. म्हणून पाहुणे प्रौढ असतील आणि डाव हवाच असेल, तर भाच्याने सेकंड लाइफ निवडावे. भाचरांना आणि शाळेतल्या मुलांना वाडा दाखवायचा असेल, तर रोब्लॉक्समध्ये झोका आणि गौराई ठेवून ओट्यावरची घोंगडी गुंडाळावी.