जॉनीज गॉर्जची बोट : बॅराकुडा पाहू इच्छिणाऱ्यांसाठी एक अभिप्राय

अंदमानातील स्वराज द्वीप, म्हणजे पूर्वीचे हॅवलॉक, येथील या डायव्हिंग केंद्राची सकाळची दोन डाइव्हची सहल मी केवळ बॅराकुडा हा लांबट शिकारी मासा पाहण्याच्या हेतूने घेतली होती, त्यामुळे हा अभिप्रायही त्याच अंगाने लिहीत आहे. खोल्या, नाश्ता आणि जेट्टीवरून ने-आण यांविषयी इतरांनी पुरेसे लिहिले आहे. डायव्हिंग केंद्राची खरी परीक्षा त्याचे मार्गदर्शक पाण्याखाली माशांशी कसे वागतात यावर होते, असे माझे मत आहे, आणि या परीक्षेसाठी बॅराकुडासारखा परीक्षक नाही. हा मासा माणसाला बिचकत नाही. शांत राहिलात तर बराच जवळ येऊ देतो, पण कोणी मागे लागले की सगळा थवा नजरेआड होतो आणि त्या डाइव्हपुरता विषय संपतो.

जॉनीज गॉर्ज हे सुमारे 30 मीटरपर्यंत उतरणारे खडकाळ ठिकाण आहे. केंद्राने ॲडव्हान्स्ड प्रमाणपत्र आणि मागील डाइव्हची नोंदवही तपासल्याशिवाय कोणालाही त्या बोटीवर घेतले नाही. मालवण-तारकर्लीला प्रशिक्षकाचा हात धरून घेतलेली बुडी येथे अनुभव म्हणून धरली जात नाही, यावरून एका सहप्रवाशाने थोडा वाद घातला, परंतु केंद्राचेच बरोबर होते. 30 मीटरवर दाब पृष्ठभागाच्या चौपट असतो, त्यामुळे टाकीतील हवा त्याच प्रमाणात लवकर संपते, आणि साध्या हवेवर त्या खोलीत टप्प्याटप्प्याने थांबे न घेता वर येता येईल असा वेळ जेमतेम 20 मिनिटांचा असतो. इतक्या थोड्या वेळात मासा शोधत फिरणे परवडत नाही, म्हणून आपल्याला नेमके कोठे नेऊन थांबवायचे हे मार्गदर्शकाला ठाऊक असणे, हाच या सेवेचा गाभा आहे.

आमच्या मार्गदर्शकाला ते ठाऊक होते. त्याने आम्हाला प्रवाहाच्या आडोशाला एका खडकामागे उतरवले, हाताने थांबण्याची खूण केली आणि पुढे काहीच केले नाही. थोड्या वेळाने वरच्या निळसर पाण्यात शेव्हरॉन बॅराकुडांचा थवा दिसू लागला. या जातीचे मासे दिवसा मोठ्या संख्येने एकत्र राहतात, महिनोन्महिने, कधी वर्षानुवर्षे, एकच जागा धरून असतात, आणि रात्री पांगून बहुधा एकेकटे शिकार करतात. म्हणजे दिवसा दिसणारा तो भव्य देखावा ही त्यांची विश्रांतीची वेळ असते. सगळ्यांची तोंडे प्रवाहाकडे होती आणि शेपट्या अगदी सावकाश हलत होत्या. पोटातील वाताशयामुळे, म्हणजे हवेच्या पिशवीमुळे, पाण्यात एका पातळीवर तरंगत राहायला त्यांना फारशी शक्ती खर्चावी लागत नाही. रुपेरी अंगावर बाणाच्या टोकासारखे गडद पट्टे एकाआड एक उजळत आणि मिटत होते, आणि काही वेळाने थव्याची एक बाजू आमच्या डोक्यावरून वळून गेली. मार्गदर्शकाने धातूची कांडी टाकीवर आपटून लक्ष वेधण्याचा सर्वत्र चालणारा प्रकार एकदाही केला नाही, याबद्दल त्याला पूर्ण गुण.

दुसऱ्या डाइव्हनंतर वर येताना, सुरक्षिततेसाठी 5 मीटरवर थांबलो असता, बोटीच्या सावलीत मोठा बॅराकुडा (ग्रेट बॅराकुडा) दिसला. तोही बॅराकुडांच्याच कुळातला, पण वेगळ्या जातीचा; प्रौढ झाल्यावर बहुधा एकटा राहणारा. ही जात कमाल सुमारे 2 मीटरपर्यंत वाढते. आमच्यासमोरचा त्याच्या निम्म्याहून थोडा अधिक असावा. कुशीच्या मागच्या भागावर शाईचे थेंब सांडल्यासारखे अनियमित काळे ठिपके होते. खालचा जबडा वरच्यापेक्षा पुढे आलेला असल्यामुळे चेहरा कायम त्रासलेला दिसतो. तो तोंड उघडत-मिटत होता, तेव्हा आतले दात स्पष्ट दिसले: काही लहान, काही सुळ्यांसारखे लांब, आणि लांब दातांना तोंड मिटताना बसायला समोरच्या जबड्यात खाचा. हे तोंड उघडणे-मिटणे म्हणजे धमकी आहे असा पर्यटकांचा समज असतो. प्रत्यक्षात त्या हालचालीने कल्ल्यांवरून पाणी खेळवले जाते. हे दात शिकार नुसती धरून ठेवत नाहीत, तर कापतात. मोठा मासा असेल तर त्याचे तुकडे करून मग ते खाल्ले जातात. दबा धरून बसायचे आणि क्षणभराच्या झेपेत काम उरकायचे, ही त्याची पद्धत. लांब पाठलाग त्याला जमणारा नव्हे, आणि त्याचे बारीक, लांबट शरीर पाहिले की ते पटते.

येथे केंद्राविषयीची पहिली तक्रार. निघण्यापूर्वीची माहिती मार्गदर्शकाने दिली असती तर बरे झाले असते, पण ती एका नवख्या कर्मचाऱ्याकडे सोपवली होती, आणि त्याने बॅराकुडाचे वर्णन टोळीयुद्धातल्या गुंडासारखे केले. अंगठ्या, साखळ्या काढून ठेवा, ही त्याची सूचना मात्र योग्य होती. बॅराकुडा मुख्यतः नजरेने शिकार करतो आणि चमकणारी वस्तू त्याला खवल्यांच्या लकाकीसारखी वाटू शकते, विशेषतः पाणी गढूळ असताना. माणसाला चावल्याच्या घटना अतिशय विरळ आहेत, आणि त्यांतल्या अनेकांत पाण्याखाली भाल्याने मासेमारी करणारे व त्यांनी टोचलेला मासा गुंतलेले असतात. डायव्हरच्या मागे मागे येणे हे त्याचे नेहमीचे कुतूहल आहे. हे न सांगितल्यामुळे आमच्यातील एका ताईंनी संपूर्ण पहिली डाइव्ह मार्गदर्शकाचा पट्टा घट्ट धरून काढली, आणि त्यांची हवा सर्वांत आधी संपली.

दुसरी तक्रार अधिक गंभीर आहे. आम्ही खाली असतानाच त्याच बोटीवरील दुसरा गट उतरवण्यात आला, आणि त्यातील मोठा कॅमेरा घेतलेले एक गृहस्थ थेट थव्यात घुसले. थवा दुभंगला, पुन्हा जुळला आणि उताराकडे निघून गेला. त्यांच्यासोबतच्या मार्गदर्शकाने त्यांना अडवले नाही. बोटीवर आल्यावर छायाचित्रांचे कौतुकच झाले. दोन गटांत अंतर ठेवणे काही फार खर्चाचे काम नाही. प्रवाहामुळे वेळापत्रक घट्ट असते हे मान्य केले तरी, ज्या दृश्यासाठी लोक पैसे मोजतात तेच उधळले जाऊ देणे हा निष्काळजीपणा आहे.

केंद्राची संध्याकाळची खारफुटीतील कयाक फेरी मात्र आवर्जून घ्यावी. मोठ्या बॅराकुडाची पिल्ले खारफुटीच्या मुळांत आणि समुद्री गवतात वाढतात, तेथेच लहानसहान मासे पकडायला शिकतात, आणि वाढल्यावर प्रवाळ खडकांकडे जातात. अंडी उघड्या समुद्रात सोडली जातात आणि आईबाप पुढे लक्ष देत नाहीत, म्हणून हा आडोसा महत्त्वाचा ठरतो. आमच्या फेरीत मुळांपाशी काडीएवढे, जवळजवळ हालचाल न करणारे काही मासे दिसले. ती बॅराकुडाचीच पिल्ले असल्याचे सोबतच्या स्थानिक मुलाने सांगितले. ही फेरी सकाळच्या सहलीची खरी पुरवणी आहे, पण केंद्राच्या फलकावर तिची जाहिरात फक्त सूर्यास्ताच्या नावाने केली आहे.

राहता राहिले जेवण. केंद्राच्या उपाहारगृहात दुपारच्या फळ्यावर ‘भाजलेला बॅराकुडा’ लिहिलेला पाहून मला आश्चर्य वाटले. गोव्यात आणि कोकणात लहान आकाराचा बॅराकुडा बाजारात येतो, रव्यात घोळून तळला तर चवीला उत्तम लागतो, आणि त्याबद्दल माझे काहीच म्हणणे नाही. मात्र प्रवाळ खडकांवरचा मोठा, वयस्क बॅराकुडा ही वेगळी गोष्ट आहे. प्रवाळावर वाढणाऱ्या काही सूक्ष्म शैवालांमधील विष लहान माशांतून मोठ्या माशांत साठत जाते, ते शिजवून किंवा गोठवून नष्ट होत नाही, आणि त्या विषबाधेत थंड वस्तू हाताला गरम लागण्यासारखी विचित्र लक्षणे दिसू शकतात. कॅरिबियन समुद्रात मोठा बॅराकुडा यासाठीच बदनाम आहे. वाढप्याला माशाचा आकार विचारला असता त्याने हाताने जे माप दाखवले, ते पाहून मी डाळभात मागवला.

एवढे असूनही मी या केंद्राकडे पुन्हा जाईन, त्याचे कारण तो एक मार्गदर्शक. नोव्हेंबर ते एप्रिल या काळात समुद्र सहसा बरा असतो; तेव्हाच नाव नोंदवावे, नोंदवताना पहिल्या गटात जागा मागावी, आणि जॉनीज गॉर्जला कोण नेणार आहे हे आदल्या संध्याकाळी विचारून घ्यावे. मास्क स्वतःचा असेल तर आणावा, कारण भाड्याच्या मास्कचे पट्टे सैल झालेले आहेत.