वारसनोंद म्हणून केलेल्या दोन सह्या

कावळा शिवत नव्हता. जुलै २००९, बाबांचा दहावा. पाऊस जेमतेम उघडला होता आणि खाडीच्या कडेला पिंड ठेवून आम्ही तासभर ताटकळत होतो. भटजी म्हणाले, जीव कशाततरी अडकलाय, कोणीतरी शब्द द्या. मी म्हटलं, आईला सांभाळीन. कावळा माडावरून हलला नाही. मग बाबांचे चुलतभाऊ, आमचे काका, पुढे आले. हात जोडून म्हणाले, "पोरांची काळजी करू नको रे. मी आसंय. तुझ्या बागेतला एक पानसुद्धा कोणाक हलवूक देवचंय नाय."

कावळा उतरला.

हे आधी सांगतोय, कारण पुढचं ऐकून लोक विचारतात, एवढे कसे भोळे तुम्ही? आमच्या घरात त्या दिवसापासून काकांवर संशय घेणं म्हणजे बाबांवर संशय घेण्यासारखं होतं.

मी तेव्हा १९ वर्षांचा, बहीण १४ची. कालावलच्या खाडीकाठी घर, खाली आगरात माड, वर कातळाला लागून हापूसची २६ कलमं. कातळ फोडून, खड्ड्यात खालून माती आणून बाबांनी ती लावलेली. पहिली दोन वर्षं उन्हाळाभर कावडीने पाणी घातलं. जमीन मात्र सामाईक. कोकणात हे सांगायला नको. सातबारावर पणजोबांच्या वंशातली सगळी नावं, अर्धी मुंबईत, काही वर गेलेली. कुठलं झाड कोणाचं ते वहिवाटीने ठरलेलं, कागदावर नाही. काकांचं नाव त्याच सातबारावर.

वारसनोंद करायला काकाच धावले. मृत्यूचा दाखला, अर्ज, वारसांचं प्रतिज्ञापत्र, तलाठ्याकडचे हेलपाटे, सगळं त्यांनीच केलं. गणपतीनंतर सातबाराचा उतारा आणून आईच्या हातात दिला. त्यावर आईचं, माझं आणि 'अ. पा. क. आई' (अज्ञान पालनकर्ती आई) म्हणून अज्ञान, म्हणजे अजून सज्ञान न झालेल्या, बहिणीचं नाव. काम खरंच झालं होतं. सगळी मेख इथेच आहे. पहिलं काम चोख झालं, म्हणून दुसऱ्याला आम्ही विचारलंच नाही.

दसऱ्यानंतर काका म्हणाले, "वैनी, नोंद पक्की करूची आसा, तालुक्याक जावया." रिक्षा त्यांनीच सांगितली. निबंधक कार्यालयात गर्दी होती. आमचे फोटो निघाले, अंगठे लागले. टेबलापलीकडच्या साहेबांनी आईला विचारलं, "दस्त कबूल आहे ना?" आई म्हणाली, होय. मला विचारलं, मीही होय. साहेबांचा दोष नाही, त्यांनी विचारलं होतं. मी बारावी पास, कागद माझ्या हातात होता, आणि मी फक्त पेन्सिलीने फुल्या मारलेल्या जागा शोधत होतो.

आई पूर्वी अंगठा द्यायची. मी दुसरीत असताना तिला माझ्या पाटीवर सही शिकवली होती, बचतगटात अंगठा द्यायची लाज वाटते म्हणाली म्हणून. आधी तिचं नाव, मग बाबांचं, मग आडनाव. त्या दिवशी प्रत्येक पानावर ती बाबांच्या नावाशी जरा थांबत होती. मागची माणसं खोळंबली होती. मी तिला म्हटलं, "आई, लवकर कर."

तो दस्त हक्कसोडपत्राचा होता. आईने आणि मी आमचा हिस्सा काकांच्या लाभात सोडून दिला होता, मोबदला काही नाही.

पुढे मी नोकरीला ठाण्यात आलो. फेरफाराची, म्हणजे सातबारावरची नोंद बदलण्याची, नोटीस घरी आली तेव्हा आईने ती काकांनाच दाखवली. "आपल्याच कामाचो कागद, ठेवन द्या." तिने तो देव्हाऱ्यात पोथीखाली जपून ठेवला. हरकत घ्यायला १५ दिवस असतात, ते पोथीखाली गेले. बागेची फवारणी, राखण, काढणी काका बघायचे. दर मे महिन्यात आईला १५ हजार आणि दोन पेट्या यायच्या. आम्ही त्यांना उपकार समजत होतो.

२०१८ साली डिजिटल सहीचा सातबारा ऑनलाइन मिळू लागला. ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत सहज उतरवला. आईच्या आणि माझ्या नावाला कंस, म्हणजे नावं कमी झालेली. बाजूला फेरफार क्रमांक. तो काढला, मग सूची दोन, म्हणजे नोंदवलेल्या दस्ताचा गोषवारा काढला, मग दस्ताची नक्कल. तिसऱ्या पानावर माझी सही, अगदी ऐटीत केलेली.

तुमच्याही घरी असं काही चाललं असेल तर एवढं ध्यानात धरा. वारसनोंदीचं काम तलाठ्याकडे अर्ज देऊन सुरू होतं आणि मंडळ अधिकाऱ्याने नोंद प्रमाणित केली की संपतं. त्यात निबंधकासमोर फोटो नाही, अंगठा नाही. 'नोंद पक्की करायला' कोणी निबंधकाकडे न्यायला निघालं, तर रिक्षातून उतरा. उतरणं जमलं नाही तर दस्ताच्या पहिल्या पानावरचं ठळक शीर्षक तरी वाचा: हक्कसोड, बक्षीस, खरेदी, कुलमुखत्यार. आणि घरात वर्षभरात मयत झालं असेल तर दर दोन-तीन महिन्यांनी सातबारा काढून बघा, भाऊबंदांना राग आला तरी.

दस्त रद्द करायचा दावा फसवणूक कळल्यापासून ३ वर्षांत लावावा लागतो. आम्ही लावलाय, तारखा चालू आहेत. बहिणीचं नाव मात्र सातबारावर शाबूत आहे. अज्ञानाचा हिस्सा सोडायला कोर्टाची परवानगी लागते, ती भानगड काकांना नको होती. त्या एका नावावर तिने वाटपाचाही दावा केलाय. काका समोरून येताना दिसले की अजूनही हात आपोआप जोडले जातात, मग मी ते खिशात घालतो.

परवा आईला घेऊन बँकेत गेलो होतो. पैसे काढायची स्लिप, चार ओळींची. तिने ती माझ्यासमोर सरकवली आणि म्हणाली, "मोठ्यान वाच." मी वाचून संपेपर्यंत पेनाचं टोपण तिने काढलं नाही.