उभ्या गाडीची बॅटरी आणि ट्रिकल चार्जर : पावसाळा ते मे महिना वापरून झाल्यावर

ज्यांची गाडी आठवडाभर पार्किंगमध्ये नुसती उभी असते त्यांनी ट्रिकल चार्जर, म्हणजे बॅटरी हळूहळू भरून भरलेलीच ठेवणारा चार्जर, घ्यावाच, असं माझं आता पक्कं मत झालंय. आमची वॅगनआर आहे, पुण्यात ऑफिसला मी मेट्रोने जातो, गाडी निघाली तर शनिवार-रविवारी, त्यामुळे मधेच कधी काढायची वेळ आली की सेल्फ मारल्यावर नुसतं टकटक आणि मग जंपर केबल घेऊन शेजाऱ्यांच्या दारात. गेल्या पावसाळ्यात चार अँपिअरचा स्मार्ट चार्जर घेतला, तेव्हापासून जंपर डिकीतून बाहेर आलेली नाही.

सगळे एकच सल्ला देतात, रोज दहा मिनिटं गाडी चालू करून ठेव. त्याने काही होत नाही हो. सेल्फ मारताना दीडदोनशे अँपिअर जातात हे खरं, पण ते दोन सेकंद, त्यात बॅटरीचं फारसं काही कमी होत नाही. खरी गळती गाडी बंद असताना होते. रिमोट लॉक, स्टिरिओची मेमरी, ईसीयू म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर हे सगळं मिळून साधारण २० ते ५० मिलिअँपिअर चोवीस तास खात असतं. ५० धरले तर दिवसाला १.२ अँपिअर अवर झाले, म्हणजे ३५ अँपिअर अवरची बॅटरी दोन आठवड्यांत निम्मी, आणि वर जीपीएस ट्रॅकर किंवा पार्किंग मोडवाला डॅशकॅम असेल तर त्याच्याही आधी. आता ही बॅटरी पूर्ण भरायची तर शेवटचा पाचवा हिस्सा ती फार हळूहळू घेते, तासन् तास लागतात, दहा मिनिटांत काय होणार. आणि सतत अर्धवट भरलेली राहिली की प्लेटांवर सल्फेट कडक होत जातं, मग ती कितीही चार्ज करा, पहिल्यासारखी ताकद येत नाही.

चार्जरचं काम कसं चालतं ते मी मल्टिमीटर लावून बघितलंय. सुरुवातीला चार अँपिअरने भरतो, व्होल्टेज १४.४ च्या आसपास गेलं की तिथेच धरून ठेवतो आणि करंट कमी कमी करत आणतो, आणि भरली की १३.६ वर उतरतो. हे आपोआप खाली उतरणं यासाठीच पैसे द्यायचे. बॅटरीवाल्याकडे असतो तसा जुना ट्रान्सफॉर्मरवाला चार्जर बॅटरी भरली तरी ढकलतच राहतो, पाणी उकळल्यासारखं बुडबुडायला लागतं, आणि ते बुडबुडे म्हणजे हायड्रोजन आणि ऑक्सिजन. हवेत ४ टक्के हायड्रोजन झाला की एक ठिणगी पुरते. तसला चार्जर रात्रभर लावून झोपायला जाऊ नका, खरंच सांगतोय.

ठिणगीचं म्हटलं म्हणून क्लिपा लावायचा क्रम पण नीट सांगतो. गाडी बंद, चार्जरचा प्लग बाहेर. आधी लाल क्लिप बॅटरीच्या प्लसला, मग काळी क्लिप बॅटरीपासून लांब इंजिनच्या किंवा बॉडीच्या रंग नसलेल्या जाड बोल्टला, आणि सगळ्यात शेवटी भिंतीतलं बटण. काढताना बरोबर उलटं, आधी बटण बंद आणि प्लग बाहेर, मग काळी, मग लाल. काळी क्लिप लांब लावली की ठिणगी पडली तरी बॅटरीच्या तोंडाशी पडत नाही. स्टार्ट-स्टॉपवाल्या, म्हणजे सिग्नलला इंजिन आपोआप बंद-चालू होणाऱ्या, नव्या गाड्यांत मायनस टर्मिनलवर सेन्सर असतो, तिथे तर बॉडीलाच लावायची, नाहीतर गाडीला चार्ज झाल्याचं कळतच नाही. अशा गाड्यांत बॅटरी एजीएम (ॲसिड काचेच्या जाळीत शोषलेली सीलबंद बॅटरी) असेल तर चार्जरवर तो मोड निवडा, आणि काही माइल्ड हायब्रिडमध्ये सीटखाली वेगळी लिथियम बॅटरी असते, तिला हा चार्जर अजिबात लावायचा नाही.

आता खटकलेल्या गोष्टी. आमच्याकडे गुरुवारी लाईट जाते, आणि लाईट परत आली की हा चार्जर स्वतःहून सुरू न होता स्टँडबायवर बसून राहतो, पुन्हा खाली जाऊन बटण दाबावं लागतं. विचारल्यावर कंपनीचं उत्तर आलं की डिझाईनच तसं आहे. महिनाभर गावाला जाणाऱ्या माणसाला काय उपयोग याचा? घेण्याआधी हे दुकानात प्लग काढून परत लावून बघाच. दुसरं म्हणजे तापमानाचा सेन्सर नाही. उन्हात बॅटरी गरम असेल तर व्होल्टेज थोडं कमी द्यायला हवं, ते याला कळत नाही, म्हणून एप्रिल-मे मध्ये मी रात्री लावतो आणि सकाळी भरलेली दिसली की काढतो, दिवसच्या दिवस लावून ठेवत नाही. उन्हाळ्यात पाणीही जास्त उडतं. प्लेटा उघड्या पडल्या असतील तर आधी त्या बुडेपर्यंतच डिस्टिल्ड वॉटर, बाकी लेव्हल चार्ज झाल्यावर, कारण चार्ज होताना पाणी वर येतं आणि आधीच काठोकाठ भरलं तर ॲसिड बाहेर सांडतं.

बॅटरीची तब्येत बघायची तर गाडी रात्रभर उभी राहिल्यावर सकाळी दार न उघडता, बॉनेट आदल्या रात्रीच मोकळं ठेवून मल्टिमीटर लावा. १२.६ च्या वर म्हणजे भरलेली, १२.४ म्हणजे पाऊण, १२.२ म्हणजे निम्मी. मी १२.४ दिसलं की लावतो. एका रात्रीत भरून काढली आणि दोन दिवसांत परत १२.२ वर आली तर एकतर कुठेतरी करंट गळतोय किंवा बॅटरीच गेलीय, चार्जर त्यात काही करू शकत नाही.

विजेचं म्हणाल तर साठसत्तर वॉटचा खेळ आहे, पूर्ण रात्रीचं अर्धं-पाऊण युनिट. आमच्या पार्किंगचा सॉकेट सोसायटीच्या मीटरवर आहे म्हणून सेक्रेटरींना आधी विचारलं, आणि त्या लाईनला ईएलसीबी, म्हणजे करंट गळला की वीज तोडणारा स्विच, आहे का तेही इलेक्ट्रिशियनकडून बघून घेतलं. पावसात पार्किंगमध्ये पाणी आत येतं, त्यामुळे एक्स्टेन्शनचा बोर्ड जमिनीवर ठेवायचा नाही, मी खांबाच्या खिळ्याला टांगतो.

क्लिपांऐवजी बॅटरीला कायमची बसवायची रिंगवाली वायर मिळते, फ्यूज असलेलीच घ्या. मी ती आता बसवून घेतलीय, सॉकेट पुढच्या जाळीतून बाहेर काढलाय, त्यामुळे बॉनेट पूर्ण बंद राहतं आणि उंदीर आत शिरायचे कमी झालेत.