प्येरेचं की इंग्लिश? सांगाडा-घड्याळ निवडताना

पॅरिसच्या व्हिक्टर-अथानास प्येरे (१८०६–१८९३) या घड्याळजीचं सांगाडा-घड्याळ घ्यावं की १९व्या शतकातलं इंग्लिश, असा पेच एका मित्राला पडलाय. दोन्ही काचेच्या घुमटाखाली, दोन्हींची चाकं उघडी. फरक आत आहे.

चावी: प्येरेच्या छोट्या घड्याळाला रोज द्यावी लागते, इंग्लिशला साधारण आठवड्यातून एकदा.

वेळ: इथे इंग्लिश सरस. चावीने गुंडाळलेली स्प्रिंग सैल होत जाते तसा तिचा जोर घटतो. इंग्लिश घड्याळात साखळी शंकूच्या आकाराच्या खाचदार चाकावरून उलगडते आणि जोर शेवटपर्यंत सारखा राहतो. प्येरेकडे ही सोय नाही. त्याचा लंबकही रेशमी दोऱ्यावर टांगलेला, आणि दोऱ्याची लांबी हवेतल्या दमटपणाने बदलते.

दुरुस्ती: दोरा जुना झाला तर बदलता येतो, साखळी तुटली तर काम मोठं. घुमट मात्र दोन्हींचा जपा. मूळ घुमट फुटला की तसाच मिळवणं कठीण, आणि उघड्या चाकांवर धूळ बसते.

रूप: प्येरेची पांढरी इनॅमल तबकडी आणि इवलासा नाजूक सांगाडा मला फार आवडतो. शिवाय बऱ्याच नमुन्यांत गजरही असतो. इंग्लिश चौकट भारदस्त, काहींची तर कॅथेड्रलसारखी.

जागा कमी असेल आणि रोज चावी द्यायची हौस असेल, तर प्येरे घ्या. घरात रोज वेळ बघायला हवं असेल, तर इंग्लिश.