कोकची भट्टी की विजेची? महामारीनंतरचा उद्यमबागेतला हिशोब

25 मार्च 2020 ला देश बंद झाला आणि बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतला धूर थांबला. त्या वर्षी भारताचं कार्बन उत्सर्जन घटलं खरं, पण भट्ट्या बंद होत्या म्हणून, सुधारल्या म्हणून नव्हे. 2021 मध्ये मागणी परतली, तसं उत्सर्जनही परतलं.

छोट्या फाउंड्रीवाल्यापुढे, म्हणजे लोखंड वितळवून साच्यात ओतणाऱ्या कारखानदारापुढे, पर्याय दोनच. कोकवरची, म्हणजे भाजलेल्या दगडी कोळशावरची, कुपोला भट्टी उभी आहेच, कर्ज फिटलेलं. ऑर्डर कमी असेल तर आठवड्यातून एकदा पेटवायची: खाली कोकचा थर, वर भंगार आणि पिग आयर्न (कच्चं लोखंड), चुनखडी, मग पुन्हा कोक. मंदीत हा सैलपणा फार कामाचा. पण कोक जळतो तो आपल्याच आवारात, आणि चुनखडीतूनही कार्बन डायऑक्साइड सुटतोच.

विजेवरच्या इंडक्शन भट्टीत लोखंडाचा रस हवा तसा साधतो, नापास होणारे नग कमी, कामगारांच्या नाकातोंडात धूर नाही. मात्र भांडवल मोठं, आणि भट्टी थंड असली तरी वीजबिलातला स्थिर आकार काही चुकत नाही. शिवाय वीज कोळशाची असेल तर धूर फक्त गाव बदलतो! कर्नाटकात सूर्य-वाऱ्याची वीज बरीच आहे, सौंदत्तीच्या माळावर पवनचक्क्या फिरतात. म्हणून इथे विजेची बाजू जड.

अडलं ते पैशापाशी. मे 2020 मधली सरकारी हमीची कर्जं मुख्यतः पगार आणि थकलेली देणी भागवायला होती. नव्या भट्टीचा विचार मागे पडला. माझं मत विजेच्याच बाजूने, पण हप्ता ऑर्डरी स्थिरावल्यावर सुरू होणारा हवा. नाहीतर कुपोलाच बरी म्हणणाऱ्याला मी तरी नावं ठेवणार नाही.