सीटेक एमएक्सएस ५.० चार्जर: इमोबिलायझर असलेल्या जुन्या गाडीसाठी

इमोबिलायझर (ओळखीच्या किल्लीशिवाय इंजिन सुरू होऊ न देणारी यंत्रणा) आणि अलार्म मिळून सतत ४० मिलिअँपिअर खेचत असतील, तर दिवसाला जवळजवळ १ अँपिअर-तास जातो. म्हणजे ६० अँपिअर-तासांची बॅटरी महिनाभर उभ्या गाडीत निम्मी होते. मग सेल्फ मारताना व्होल्टेज ९-१० पर्यंत घसरतं, इमोबिलायझर किल्ली ओळखत नाही आणि लोक नवीन किल्लीच्या मागे लागतात. आधी मल्टिमीटर लावा. गाडी काही तास उभी राहिल्यावर १२.६ दिसलं तर बॅटरी भरलेली, १२.२ म्हणजे अर्धी, १२ च्या खाली म्हणजे उतरलीच.

अशा गाडीची बॅटरी बाहेर काढून चार्ज करण्याची जुनी सवय इथे अडचणीची ठरते. वीज तुटताच स्वतःची बॅटरी असलेला सायरन कोकलतो, परत जोडल्यावर बऱ्याच सिस्टिम लॉक अवस्थेतच जाग्या होतात, आणि वर रेडिओही त्याचा कोड मागतो. एमएक्सएस ५.० चा नॉर्मल मोड १४.४ व्होल्टच्या पुढे जात नाही, त्यामुळे बॅटरी गाडीतच जोडलेली ठेवून चार्ज करता येते. या कामासाठी तो घ्यावा असं म्हणण्याचं मुख्य कारण हेच.

लाल चिमटा प्लसला लावा. काळा चिमटा बॅटरीपासून लांब, इंजिनच्या किंवा चासीच्या रंग नसलेल्या धातूवर, कारण चार्ज होताना बॅटरीतून हायड्रोजन निघतो. प्लग शेवटी. मोड बटणाने गाडीचं चिन्ह, म्हणजे नॉर्मल मोड, निवडा. ५ अँपिअरने पूर्ण उतरलेली ६० ची बॅटरी ८० टक्क्यांवर यायला १० तास लागतात, उरलेलं आणखी सावकाश भरतं. मध्येच सेल्फ मारून बघू नका. चार्जर टप्प्याटप्प्याने काम करतो, आणि पाचव्या टप्प्यात स्वतःच बॅटरी चार्ज धरते का ते तपासतो. तिथे एररचा दिवा लागला तर बॅटरी गेली असं समजा, पुन्हा पुन्हा चार्ज करून फायदा नाही.

मर्यादाही आहेत. २ व्होल्टच्या खाली गेलेल्या बॅटरीवर तो सुरूच होत नाही. तेव्हा चांगली १२ व्होल्टची बॅटरी जाड जंपर केबलने समांतर जोडा (प्लसला प्लस, मायनसला मायनस), चार्जर चालू करा आणि उतरलेली थोडी सावरली की दुसरी काढा. बॅटरी फुगलेली असेल किंवा आतलं पाणी गोठलेलं असेल, तर हा प्रयोग अजिबात नको. ६ व्होल्टच्या गाड्यांना आणि लिथियम बॅटरीला हा चार्जर चालत नाही.

रिकंड मोड खूप खोल उतरलेल्या बॅटरीसाठी उपयोगी आहे, पण तो १५.८ व्होल्टपर्यंत चढतो. जुन्या इमोबिलायझरला तेवढं सोसेल याची खात्री कोणी देऊ शकत नाही, म्हणून त्याआधी मायनस केबल सोडवणं बरं. त्यासाठी आधी अलार्म बंद करा, सायरनची वेगळी किल्ली असेल तर ती फिरवा, रेडिओ कोड लिहून ठेवा, बॉनेट आणि एक दार उघडं ठेवा. इलेक्ट्रिक लॉकवाली गाडी बंद झाली की बॅटरीपर्यंत पोचायचीच पंचाईत. रिकंडनंतर, झाकणं उघडणारी बॅटरी असेल तर पाण्याची पातळी बघून डिस्टिल्ड वॉटर घाला. केबल परत जोडल्यावर आधी रिमोटने अलार्म उतरवा, मगच इग्निशन.

सोबत मिळणारी गोल टोकांची फ्यूजवाली वायर टर्मिनलला कायमची बसवून ग्रिलमधून बाहेर काढून ठेवा. बॉनेट उघडल्यावर वाजणारा अलार्म असलेल्या गाड्यांना हे फारच सोयीचं, कारण चार्जिंगसाठी बॉनेट उघडावंच लागत नाही. चार्जर १० दिवस १३.६ व्होल्टवर बॅटरी भरलेली ठेवतो आणि नंतर गरजेपुरतंच चार्ज करतो, त्यामुळे हिवाळाभर लावून ठेवला तरी बॅटरी उकळत नाही.

बॅटरी भरूनही गाडी किल्ली ओळखत नसेल, तर रिमोटमधला सेल बदलून बघा. गाडी महिनोन् महिने उभी असते तसा तोही संपत आलेला असतो, आणि सेल बदलल्यावर काही रिमोट गाडीशी पुन्हा जुळवून घ्यावे लागतात.